भेट रद्द करण्याबाबत

उत्तमरावांनी मेल लिहिला आणि खालचं 'मजकूर सुधारा' हे बटण दाबलं. ही सोय जावयानं, जीवननं, हिवाळ्यात त्यांच्या मोबाइलमध्ये करून दिली होती. आपण लिहायचं, यंत्र ते वाचून नीट करून देतं, एवढंच उत्तमरावांना ठाऊक होतं. पंचायत समितीत छत्तीस वर्षं त्यांनी मसुदे लिहिले आणि साहेबांनी ते खोडले. निवृत्तीनंतर का होईना, त्यांच्या हाताखाली कुणीतरी आलं होतं.

मेल लेकीला, सुचिताला, पुण्याला जायचा होता. फोन त्यांना जमत नसे. त्यांच्या पत्नी जयमालाबाई कार्तिकात वारल्या. तेव्हापासून फोन लागला की दोघंही नुसते मोबाइल कानाला धरून बसायचे. मेलमध्ये तसं होत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली होती. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची नवी घागर पुजतात. जयमालाबाईंची ही पहिलीच घागर. ती सुचितानं येऊन भरावी, याशिवाय उत्तमरावांना दुसरं काही नको होतं. म्हणून त्यांनी लिहिलं होतं, 'आखाजीला येऊ नकोस. ऊन फार आहे. रजा वाया जाईल. मी बरा आहे.'

दरसाल ते असंच लिहीत आणि दरसाल सुचिता येत असे. पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आपण त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकायची, अशा घरात सगळे वाढलेले.

यंत्र अशा घरात वाढलेलं नव्हतं. त्यानं क्षणात मसुदा पुढे ठेवला. विषय, आखाजीनिमित्तची नियोजित भेट रद्द करण्याबाबत. 'तीव्र उष्णता व रजेचा अपव्यय लक्षात घेता आपण येऊ नये, ही विनंती. मी एकटा समाधानी असून माझी काळजी नसावी.' उत्तमरावांनी तो दोनदा वाचला. असा मसुदा त्यांच्या हातून उभ्या नोकरीत उतरला नव्हता. अशा कागदाची प्रत संबंधितांना गेलीच पाहिजे, म्हणून त्यांनी खाली जीवनचा पत्ता टाकला आणि डोणगावचे व्याही नारायणराव यांचाही. मग पाठवला.

संध्याकाळी नारायणरावांचा फोन आला. त्यांचं डोणगावात बियाण्यांचं दुकान. कंपन्यांचे मेल बघता बघता त्यांना हा दिसला होता. आमच्याकडून मानपानात काही कमी पडलं का, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. उत्तमरावांनी तिन्ही वेळा नाही म्हटलं. त्यावर नारायणराव आणखीच गंभीर झाले.

दुसऱ्या दिवशी देऊळगाव राजाहून थोरल्या बहिणीचा, गोजरबाईंचा फोन आला.

"पोरगी माह्यापाशी रडून राह्यली. येऊ नको काऊन लिवलं रे तिले?"

"मी दरसाल तेच लिवतो, अक्का."

"अन् दरसाल जयमाला मांगून फोन करे. तुह्या बाबानं येऊ नको लिवलं, म्हनजे पिशवी भर, असं सांगे तिले. तुले माईत नाही?"

उत्तमरावांना माहीत नव्हतं. आपण लिहिलेलं आपोआप पोचतं, असंच ते इतकी वर्षं समजत होते. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले.

मग त्यांनी दुरुस्तीचा मेल लिहिला. 'गैरसमज नको. वाटलं तर ये, नाही तर राहू दे.' यंत्रानं तो सुधारला. 'झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहे. आपण घेतलेल्या निर्णयाचा मी पूर्ण आदर करतो.' दिलगीर हा शब्द आहे म्हणजे भागेल, असं समजून त्यांनी तो तिन्ही पत्त्यांवर पाठवला. सुचिताचं उत्तर आलं, 'ठीक आहे, बाबा.' खाली काही नव्हतं. जेवलात का, हेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्रालाच कळवलं की तुझं काहीतरी चुकतं आहे. यंत्रानं विचारलं, 'आपल्याला नेमके काय सांगायचे आहे?'

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. जयमालाबाईंनी तशी वेळच येऊ दिली नव्हती. उत्तमराव उठले. चहा करून प्यायले, कप धुतला, दोरीवरचे कपडे काढले, घडी करून ठेवले. दुपार कलल्यावर पुन्हा मोबाइल घेतला आणि एक शब्द लिहिला. 'ये.' यंत्र म्हणालं, मजकूर फार त्रोटक आहे, विस्तार करून देऊ का? उत्तमरावांनी 'नाही' दाबलं आणि तसाच पाठवला. तोही तिन्ही पत्त्यांवर गेला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मोताळ्याच्या त्यांच्या घरापुढे नारायणरावांची गाडी थांबली. मागच्या सीटवर गादी अंथरलेली होती आणि नारायणरावांच्या हातात ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र होतं. पाठोपाठ बस स्टँडवरून रिक्षा आली. तिच्यातून सुचिता आणि जीवन उतरले, आणि स्टँडवरच त्यांना भेटलेल्या गोजरबाई. उत्तमराव ओट्यावर दाढी करत बसले होते. गोजरबाईंना तो तोंडाला आलेला फेस वाटला आणि त्या फाटकातच खाली बसल्या.

"बाबा, काय होऊन राह्यलं तुमाले?" सुचितानं त्यांचा हात धरला.

"काई नाई. काऊन?"

"तुमी जल्मात कधी ये म्हनलं नाही. मले वाटलं..."

नारायणरावांनी साबण लागलेल्या अवस्थेतच त्यांचं प्रेशर मोजलं. नॉर्मल निघालं. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या हाताचं मोजलं. तेही नॉर्मल. मग सगळ्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्यावर थोडा रागही आला. नारायणरावांचं दुकान बंद होतं. जीवनची दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. आखाजीला अजून पाच दिवस होते, तेवढी रजा कुणाकडेच नव्हती. मागची सीट रिकामी करायला नारायणरावांनी गाडीतली गादी गुंडाळून काखेत मारली आणि म्हणाले, "मंग निघतो आमी. या दोघायले स्टँडवर सोडतो."

उत्तमरावांनी टॉवेलनं गाल पुसला.

"हो, निघा तुमी," ते म्हणाले. "ऊन व्हायच्या आत पोचसान."

नारायणराव खरंच खिशात गाडीची किल्ली शोधू लागले. सुचितानं सासऱ्यांच्या काखेतली गादी ओढून घेतली.

"मामाजी, बाबा राहा म्हनून राह्यले," ती म्हणाली आणि गादी आत नेऊन टाकली.