फुटलेला पेपर

हेडमास्तरांनी पस्तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि पंचाहत्तरीत स्वतःवरच कॉपीची वेळ आली. परीक्षा स्मरणशक्तीची होती. दोनदा गॅसवर दूध करपलं, तेव्हा मुलीनं निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, चाचणीत कमी पडलात तर हे घर बंद. सरळ माझ्याकडे राहायचं." स्वतःचं घर सोडायची कल्पनाच त्यांना सहन होईना.

शेजारी पोस्टमास्तर धावून आले. तेही एकटेच राहत आणि गेल्याच महिन्यात हीच चाचणी देऊन आले होते. "मला पैकीच्या पैकी! घाबरतोस काय? पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं विचारतात. लिहून घे. दोरी, सफरचंद, घंटा, उशी, निळा." हेडमास्तरांनी ते आठ दिवस घोकले.

प्रत्यक्षात तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "खुर्ची, मका, नदी, चष्मा, पिवळा."

पेपर बदलला होता! हेडमास्तरांनी घड्याळाचं चित्र काढलं, शंभरातून सात-सात वजा केले, पण डोक्यात दोन्ही पेपर भांडत होते. "आता मघाचे शब्द सांगा," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडून धडाधड निघालं, "दोरी, सफरचंद, घंटा, उशी, निळा."

बाईंचं पेन थांबलं. "यातला एकही शब्द मी सांगितला नव्हता, सर. हे मला नोंदवावं लागेल."

हेडमास्तरांना डोळ्यांसमोर आपल्या घराच्या दाराला लागलेलं कुलूप दिसलं. "थांबा! मी कॉपी केलीय. हे शेजाऱ्यानं फोडलेल्या पेपरातले. तुमचे खुर्ची, मका, नदी, चष्मा, पिवळा. हवे तर उलटे म्हणतो!"

बाई खळखळून हसल्या. "आठ दिवसांपूर्वीचे पाच आणि आजचे पाच! राहा खुशाल आपल्या घरी. मुलीनं कळवलंय, दुधाकडे तेवढं लक्ष ठेवा." मग त्यांचा आवाज उतरला. "पण सर, तुमच्या शेजाऱ्यांचे शब्द आमच्या कुठल्याच पेपरात नाहीत. त्यांना एकदा घेऊन या."

घर वाचल्याचा आनंद विसरून हेडमास्तर शेजाऱ्याचाच विचार करत परतले.

पोस्टमास्तर फाटकातच वाट बघत होते. "काय रे, आले ना माझेच शब्द?"

जन्मात कुणाला अर्धा गुण वाढवून न दिलेले हेडमास्तर म्हणाले, "अगदी तेच. पण तुझा पेपर बाईंकडून गहाळ झालाय. पुन्हा बसावं लागेल."

"अरे देवा! कधी?"

"उद्याच. मी येतोय ना बरोबर."