साळबाने चेक म्हटलं

एका जंगलात, बाळांनो, भांडायला बंदी होती. पत्ते कुटायला नव्हती. त्यामुळे नाल्याकाठच्या मोहाची फुलं यंदा कोणी वेचायची, हे दर उन्हाळ्यात पोकरवर ठरायचं. प्रत्येकाच्या हाती दोन पानं, मध्ये दोघांची मिळून पाच; पैशांऐवजी चिंचोके. शेवटी ज्याच्यापुढे सगळे चिंचोके, त्याची सगळी फुलं. हरेल त्याने वर्षभर मुळं चावायची.

साळबा साळिंदर कितीतरी वर्षं मुळंच चावत आला होता. त्याचं दुखणं असं, की हाती चांगली पानं आली की अंगावरचे काटे आपोआप उभे राहायचे. ते बघून समोरचा पानं टाकून मोकळा.

"यंदाही मुळंच आणणार असाल, तर मी चालले माहेरी," बायकोने बजावलं.

साळबा उदमांजराकडे गेला. ते शहरातल्या एका क्लबाच्या माळ्यावर राहून आलेलं, म्हणून जंगलात विद्वान.

"सोपं आहे," उदमांजर म्हणालं. "मधली तीन पानं उघडली की चिंचोके लावू नकोस. नुसतं 'चेक' म्हण. म्हणजे मी काही लावत नाही, तुम्ही बघा. समोरच्याला वाटतं, हा रडका! तो लावतो. मग तू त्याच्या तिप्पट लाव. तोवर त्याचा पाय अडकलेला असतो."

"आणि हे काटे?"

"चिखलात लोळून जा."

समोर होते अस्वलकाका. त्यांना थांबणं ठाऊकच नव्हतं. हाती काही असो नसो, चिंचोके पुढे ढकलायचे. अशा गिऱ्हाइकासाठीच तर ही युक्ती!

साळबा चिखल थापून बसला. हाती दोन राजे आले. मधली तीन पानं उघडली, त्यात तिसरा राजा, बदामाचा! काटे फुरफुरले, पण चिखलाने दाबून धरले. साळबाने मान टाकली. डोळ्यांत पाणी आणलं.

"चेक," तो कण्हला.

आता बघा, पेठेत एक छत्रीवाला होता. आपण भोळे वाटावं म्हणून तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ही छत्री नका घेऊ साहेब, तुम्हाला परवडायची नाही." एकदा इतक्या कळवळ्याने म्हणाला, की गिऱ्हाईक त्याचे आभार मानून निघून गेलं. सोंगालाही माप असतं.

अस्वलकाकांचा पंजा चिंचोक्यांवर गेला आणि तिथेच थांबला.

"काय रे साळबा, बरं नाही का?"

"नशीबच फुटकं, काका."

"आणि अंगाला हा लेप कसला? ताप आहे की काय?"

"असेल थोडा. तुम्ही लावा ना, काका!"

"छे, छे! आजाऱ्याला काय लुटायचं? माझंही चेक."

चौथं पान फुकटात उघडलं. बदाम. साळबाला वाटलं, सोंग कमी पडलं. तो आणखी कण्हला. "चेक."

काकांनी डोळे पुसले. "चेक, बाळा."

पाचवं पान. पुन्हा बदाम. आता थांबलं तर तीन राजे वाया! साळबाने सगळे चिंचोके पुढे लोटले.

"तापात असा वेडेपणा करू नये रे," काका म्हणाले. "माझे पाच बदाम जमलेत. मघाशी काहीच नव्हतं, तू लावले असतेस तर मी पानं टाकणार होतो. घे, मागे घे हवं तर."

"थापा नका मारू, काका! लावा!"

काकांनी लावले आणि पानं उघडली. थाप नव्हती. पाच बदामांपुढे तीन राजे आडवे पडले.

निघताना काकांनी साळबाच्या हातावर ओंजळभर फुलं ठेवली. "काढा करून घे. उतरेल ताप."

बायको दारातच होती. "एवढीच?"

"हरलो. पण मी आजारी आहे असं वाटून काकांनी दिली."

"मग नुसतं आजारीच पडायचं होतं! खेळायला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली आणि फुलं घेऊन माहेरी गेली.

तात्पर्य : सापळा लावण्याआधी समोरचा पुरेसा लोभी आहे ना, याची खात्री करून घ्यावी. भल्या जीवापुढे कुठलीच युक्ती चालत नाही. म्हणून शहाण्याने सज्जनांची संगत कटाक्षाने टाळावी.