ओवीची चाल आणि व्याह्याची पारख

विद्या गुरूकडून घ्यावी आणि श्रद्धेने घ्यावी, असे आपले पूर्वज सांगत आले. श्रद्धेच्या जोडीला थोडी विचारपूसही असावी, हे मात्र त्यांनी गृहीत धरले असावे. कारण त्या काळी गुरू समोर बसलेला असे आणि शिष्य चुकला की कान पिरगाळत असे. आता गुरू काचेत राहतो. त्याचा हात शिष्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी निव्वळ श्रद्धा माणसाला कुठवर घेऊन जाते, ते क्रांती चौकाजवळ राहणाऱ्या रामप्रसादरावांनी स्वखुशीने दाखवून दिले.

रामप्रसादराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची कन्या तनुजा आणि तिच्याच कार्यालयातला सोयगावचा शिवराज, या दोघांनी आपापसांत लग्न ठरवले होते. शिवराजचे वडील रामकिसन यांची ना नव्हती. पण त्या घरात होकार एकाच मुखातून निघत असे, आणि ते मुख होते शिवराजची आजी मनकर्णाबाई यांचे. त्यांनी यापूर्वी दोन नातवांची ठरत आलेली लग्ने चहाचा कप खाली ठेवता ठेवता मोडली होती. तनुजाची झोप उडाली होती ती याच कारणाने.

एके दिवशी शिवराजच्या बोलण्यात आले की, गावात गिरणी आल्यापासून आजीच्या कानावर जात्यावरच्या ओव्या पडलेल्या नाहीत आणि त्याची तिला फार हळहळ वाटते. हे ऐकताच रामप्रसादरावांनी मांडीवर थाप मारली.

"तू निर्धास्त राहा," ते लेकीला म्हणाले. "मी व्हायोलिन शिकतो. आजी ओवीच्या चालीवर डोलल्या नाहीत, तर मी रामप्रसाद नाही."

जिने कधी बापाला शीळही वाजवताना ऐकले नव्हते, त्या लेकीला हे ऐकून धीर आला नाही.

गुरू सापडले फर्दापूरचे. बद्रीनाथ नावाचे एक गृहस्थ आपल्या ओसरीवर बसून व्हायोलिनवर ओव्यांच्या चाली शिकवत आणि त्याचे व्हिडिओ मोबाइलवर टाकत. रामप्रसादरावांनी मोबाइल चौरंगावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिले आणि शिक्षणास आरंभ केला. काचेत गुरूंचा गज डावीकडे दिसे, म्हणून शिष्यानेही गज डाव्या हातात धरला. गुरू मान कलती करीत, शिष्याचीही मान कलती होई. पहिल्या कडव्यानंतर गुरू एकदम डावा पाय आपटीत आणि गज दाराच्या दिशेने झटकीत. दुसऱ्या कडव्यानंतर पुढे झुकत, कपाळाला आठ्या घालीत आणि तर्जनी सरळ काचेकडे रोखीत. शिष्याने हेही तंतोतंत घोटले.

रामप्रसादरावांच्या पत्नी शालूताई स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत असत. एकदा त्यांनी भीतभीत विचारले, "अहो, मला तर ते कुत्रं हाकलल्यासारखं वाटतंय. व्हिडिओच्या खाली लिहून विचारा की."

रामप्रसादरावांनी त्यांच्याकडे करुणेने पाहिले. गुरूला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, असे त्यांनी समजावले. पाय आपटणे ही सम होती आणि बोट रोखणे हे देवतेचे आवाहन होते. शालूताई भाजी परतायला आत गेल्या. तनुजा दिवसभर कार्यालयात असल्याने तिने यातले काहीच पाहिले नाही.

ठरल्या दिवशी सोयगावची मंडळी आली. मनकर्णाबाई दारासमोरच्या खुर्चीवर बसल्या. रामकिसन पांढरीशुभ्र टोपी घालून रामप्रसादरावांच्या डाव्या हाताला सोफ्यावर बसले. पोहे झाले, चहा आला. तनुजाला काही विचारण्याआधीच तिच्या पित्याने व्हायोलिन हनुवटीखाली घेतले. पूर्वी अशा प्रसंगी मुलीला गायला लावीत. बापाने वाद्य काढल्याचे पाहून पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले.

आणि काय आश्चर्य सांगावे! चाल खरोखरच जुळली. दोन ओळी होताच मनकर्णाबाईंचे डोळे मिटले. मान हलू लागली आणि हात मांडीवर गोल फिरू लागला, जणू जात्याचा खुंटाच मुठीत आला होता. शिवराजने तनुजाकडे पाहिले. आपले जमले, असे दोघांनाही त्या क्षणी वाटले.

इतक्यात पहिले कडवे संपले.

रामप्रसादरावांनी धाडकन पाय आपटला आणि डाव्या हाताने गज दाराकडे झटकला. गजाच्या टोकात रामकिसनांची टोपी अडकली, हवेत एक फेरी घेऊन ती पोह्यांच्या पातेल्यात जाऊन बसली. चारचौघांत व्याह्याची टोपी उतरवणे म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावे लागत नाही. शालूताईंनी तोंडाला पदर लावला. पण वादकाचे डोळे भक्तीने मिटलेले होते. त्यांनी दुसरे कडवे त्याच तन्मयतेने पुरे केले. मग ते पुढे झुकले, डोळे उघडून त्यांनी आठ्या घातल्या आणि तर्जनी थेट मनकर्णाबाईंच्या नाकासमोर धरली.

घरात टाचणी पडली असती तर तिलाही संकोच वाटला असता.

मनकर्णाबाई उठल्या. "रामकिसन, ऊठ," त्या म्हणाल्या. "ह्ये आपल्याला दार दाखवायलेत."

रामप्रसादरावांनी सम, आवाहन असे काहीतरी सांगण्याचा प्रयत्न केला. त्याने प्रकरण अधिकच चिघळले. रामकिसन टोपीवरचे शेंगदाणे झटकीत चपला शोधू लागले. तेव्हा शालूताईंनी लेकीच्या कानात कुत्र्याचे सांगितले. तनुजाने चौरंगावरचा मोबाइल उचलला आणि ती आजीच्या वाटेत उभी राहिली.

"आज्जी, जायचं तर जा. पण पप्पांनी हे कुठून उचललं, तेवढं बघून जा."

मनकर्णाबाईंनी पाहिले. पहिल्या कडव्याच्या शेवटी काचेच्या कोपऱ्यात एक तपकिरी शेपूट हलले, गुरूंनी पाय आपटला, गज झटकला, शेपूट पळाले. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, चित्रण चालू आहे की बंद पडले हे पाहण्यासाठी, गुरूंनी पुढे झुकून मोबाइलवर बोट टेकवले. मनकर्णाबाईंनी ते पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा पाहताना त्यांचे खांदे हलू लागले आणि त्या डोळे पुसत खुर्चीवर बसल्या.

"मास्तर कुत्रं हाकलतोय, आन् ह्यांनी आमाला हाकललं! काय ओ रामप्रसादराव, असं का, म्हणून कुनाला इचारलं नाय का?"

"गुरूंनी केलं, म्हणून मीही केलं."

"म्हंजी कुनी सांगंल तसं करता?"

"श्रद्धा ठेवली की करतोच," रामप्रसादराव अभिमानाने म्हणाले.

मनकर्णाबाईंनी त्यांना क्षणभर निरखले. बाजारात चांगला बैल अचानक पुढ्यात यावा, तशी त्यांची मुद्रा उजळली.

"रामकिसन, बस खाली. असा व्याही तालुका पालथा घातला तरी मिळनार नाय."

मग त्यांनी तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली. लग्न सोयगावला. तिथी त्या काढतील, आचारी त्यांचा, मानपान त्या म्हणतील तसा. रामप्रसादराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, आणि तीही कलती.

"आज्जी," तनुजा मध्येच म्हणाली, "माझी नोकरी चालू राहील, आणि आम्ही दोघं इथंच राहू. ते आमचं ठरलंय."

"तुला कोन सांगतंय गं?" मनकर्णाबाई हसल्या. "मी तुझ्या बापाला सांगायलेय. तू आईवर गेलीस, ते दिसतंयच की."

पाहुणे गेल्यावर शालूताईंनी पतीला विचारले, की तुम्ही नेमके कशाकशाला हो म्हणालात? त्यांना ते आठवेना. मात्र आजी डोलल्या, हे त्यांनी समाधानाने पुन्हा पुन्हा सांगितले.

तनुजा आणि शिवराज यांना दीर्घ आणि आनंदाचा सहवास लाभो. मनकर्णाबाईंना उदंड आयुष्य मिळो. आणि रामप्रसादरावांना, उशिरा का होईना, एखादा प्रश्न सुचो.