वाईट प्रथिनांचा संप

तात्या खोतांच्या रक्तात चरबी वाहून नेणारी प्रथिनं सोमवारी संपावर गेली आणि त्यांचा म्होरक्या दिवाणखान्यात येऊन बसला. अंगानं वेटोळेदार, एक बाजू पाण्याला धार्जिणी, दुसरी तुपाला. तुपाची बाजू सोफ्याला लागू नये म्हणून काकूंनी खाली जुना टॉवेल अंथरला.

चरबीला रक्तात पोहता येत नाही, कुणीतरी पाठीवर घ्यावं लागतं. त्यामुळे रविवारची बासुंदी तात्यांच्या पोटातच ताटकळत होती. आणि गुरुवारी थोरल्या मुलाचं लग्न! वरबाप पंगतीत उपाशी बसला, तर व्याही जन्मभर ऐकवतील.

"मागणी बोला," तात्या म्हणाले.

"आम्हाला वाईट म्हणणं बंद करा."

"डॉक्टरच म्हणतात, वाईट कोलेस्टेरॉल!"

"चरबी एकच. आम्ही पोचवतो म्हणून वाईट, चुलतभाऊ परत आणतात म्हणून चांगले. खाल्ली कोणी?"

कोपऱ्यात रेवा खुदकन हसली. तात्यांची ही पुतणी कॉलेज सोडून घरी बसलेली. तात्यांचं कापडदुकान बुडालं तेही हिच्याच पायगुणानं, असं घरातल्या थोरांनी एकमतानं ठरवलं होतं. दुकानात दुपारभर घोरत कोण पडायचं, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

"हसतेस काय? वडीलधाऱ्यांनी माफी मागायची?"

"मागून बघा की, तात्या. जीभ झडत नाही."

"बरं, वाईटऐवजी ‘जरा व्रात्य’ म्हणतो."

म्होरक्यानं नकारार्थी मान हलवली. काकूंनी दिलेला चहा त्यानं पाण्याच्या बाजूनं प्यायला. साय तेवढी दुसरीकडे वळवली.

गुरुवारी पंगतीत तो तात्यांच्या शेजारच्या पाटावर तोच टॉवेल अंथरून बसला. व्याही जिलब्या घेऊन आले. "घ्या हो, एकच!"

"नको, नको," म्हणत तात्यांनी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. बोटं एवढी फाकवून, की मधून जिलबी अलगद खाली उतरावी.

"ही बोटं आमची का?" म्होरक्यानं विचारलं.

तात्यांचे कान लाल झाले. बोटं मिटली.

"खातो मी," ते अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "हे बिचारे नुसते वाहतात."

म्होरक्यानं टॉवेल घडी करून काकूंना दिला आणि तात्यांच्या नाकपुडीतून कामावर रुजू झाला. पोटातली बासुंदी हलली. मोठा ढेकर आला, आणि त्यासरशी आणखी एक वाक्य बाहेर पडलं.

"दुकानही मीच बुडवलं. पोरीनं नव्हे."

 मग व्याह्यांनी जिलबी रेवापुढे धरली.

"नको," रेवा म्हणाली, आणि ताटावर हात धरून तिनं बोटं चांगली ऐसपैस फाकवली.