बायकोचं माप

च्यक्. उस्तादांच्या जिभेचा हा आवाज मी सतरा वर्षांचा असताना ऐकला. एका बाईंचं माप मी वहीत उतरवून घेत होतो. उस्ताद म्हणाले, "लिहून ठेवतो तो कारकून. शिंप्याला माप पाठ असतं." त्या दिवसापासून मी पेन्सिल सोडली. (शाळा आधीच सोडली होती, त्यामुळे फारसं जड गेलं नाही.) पुढे पन्नास वर्षं ब्लाऊज शिवले, एक माप चुकलं नाही.

त्याच भरवशावर मी परवा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरलो. बायको सांगत होती, "तुम्ही बाहेर बाकावर बसा. आत तुमचं काय काम?"

मी म्हटलं, "मापाचं काम आहे, म्हणजे माझंच आहे."

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरपायी तिचे दोन्ही स्तन काढावे लागले. आता ती बरी आहे. नवे बसवता येतात हे कळल्यावर तिने चार महिने विचार केला आणि एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "मला हवेत. कुणासाठी नाही. आरशासाठी."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर सिलिकॉनच्या पिशव्या मांडल्या. गोल, थेंबासारख्या, लहान, मोठ्या. मी एक उचलली, दाबली, उलटी करून पाहिली.

"हिची शिवण कुठे आहे?"

"शिवण नसते, आजोबा."

"मग उसवायची भीती नाही."

बायकोने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

"आजी, आधी साधारण किती माप होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बायकोने मान हलवली. "नाही सांगता यायचं. जुने ब्लाऊज सगळे देऊन टाकले. बघवत नव्हते."

मी घसा साफ केला. "छाती अडतीस, गळा सात, डावा खांदा अर्धा इंच उतरता."

"वा, आजोबा," म्हणत डॉक्टरीणबाई लिहू लागल्या.

"डावा खांदा कुणाचा उतरता?" बायकोने विचारलं.

"तुझा."

"माझे दोन्ही सरळ आहेत. हे शाळेतल्या मोठ्या बाईंचं माप."

खरंच की. मी घाईघाईने सावरलं, "छत्तीस. पाठ रुंद."

"पोस्टमास्तरांची बायको."

"मग चौतीस, बाही लांब."

"त्या तर वारल्या."

(आमच्याकडच्या सगळ्या कपड्यांना हुकं हीच लावायची. तिलाही सगळ्यांची मापं पाठ.)

"माझं माप तुम्ही कधी घेतलंत?" तिने हळू विचारलं.

मी आठवू लागलो. गिऱ्हाइकांचे कपडे आधी, हिचा ब्लाऊज 'नंतर बघू'. मशीन रिकामं मिळालं की उरल्यासुरल्या कापडातून ती आपलं आपणच शिवून घ्यायची. ते बरोबर बसायचं की नाही, हेही मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई भल्या. म्हणाल्या, "आधीचं जाऊ दे. आत्ताचा छातीचा घेर घेऊ, मग आजींना आवडेल ते ठरवू. घ्या आजोबा, तुम्हीच घ्या." आणि त्यांनी टेप माझ्या हातात दिली.

बायको उभी राहिली. पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर एवढीशी लाज आली होती. लग्नाच्या वर्षानंतर ती मी पाहिली नव्हती. टेप हातात आली की हातांना काम आठवतं, आणि हातांबरोबर तोंडालाही.

"हात जरा वर घ्या, ताई," टेप तिच्या पाठीमागून पुढे आणत मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

बायकोने वर उचललेले हात खाली घेतले. टेप स्वतःच सोडवली आणि माझ्या गळ्यात अडकवली. टेबलावरची एक पिशवी निवडून तिने डॉक्टरीणबाईंपुढे सरकवली (आकडा होता पिशवीवर, पण माझा चष्मा खिशात), पर्स उचलली आणि निघून गेली.