पितांबरनानांची सविस्तर तक्रार

पुण्याच्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं ईमेलवर येणार होतं आणि भटू दिवसभर शिकवण्या घ्यायचा. म्हणून त्याने पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वडिलांना दिला. पितांबरनाना टपाल खात्यातून नुकतेच रिटायर झालेले. रोज सकाळी ते देवपुरातल्या नासीरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसायचे.

बुधवारी एक पत्र आलं.

"नाना, ईमेलवाल्या कंपनीचं आहे," नासीर म्हणाला. "पासवर्ड कळवा म्हणे, नाहीतर चोवीस तासांत खातं बंद."

"खोटं शे. जावक नंबर नई, साहेबनी सही नई. आनि पेटीनी किल्ली कंपनी कधी मांगस का? लिख तक्रार."

नासीर लिहायला बसला, तर नानांनी थांबवलं. "ज्या पेटीनी तक्रार, तीच पेटीमा टाकतस का? तुन्या पेटीतून धाड."

नासीरने स्वतःच्या खात्यावरून, पत्रावर होता त्याच पत्त्यावर तक्रार लिहिली. नाव, गाव, तारीख. मग नानांनी चिठ्ठी पुढे केली.

"पासवर्ड पण टाकू?"

"टाक. तपशील अर्धा ऱ्हायना की तक्रार परत येस."

संध्याकाळी भटूला कळलं. "नाना, ज्याने मागितला त्यालाच दिला तुम्ही!"

"मांगा म्हनीसन नई दिधा. तक्रारमा दिधा."

भटू दुकानात धावला. इंटरनेट लागेना. फोनची लाइन एकच, आणि आत नासीरची आई अमिनाबी पारोळ्याच्या बहिणीशी बोलत होती.

"खाला, फोन ठेवा! नोकरी जाईल माझी!"

"लगी कब?" अमिनाबीने विचारलं, आणि फोनमध्ये सांगितलं, "सुन, भटू को नोकरी लगी!"

मग पारोळ्याहून मुबारकबाद सुरू झाली. ती संपायला दहा मिनिटं लागली.

खातं उघडलं. चोर अजून आला नव्हता. भटूने आधी पासवर्ड बदलला, मग खाली आलेलं पुण्याच्या कंपनीचं पत्र पाहिलं. मुलाखत सोमवारी, पुण्यात. नवा पासवर्ड त्याने कुणालाच सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी नासीरच्या खात्यावर उत्तर आलं. दिलेला पासवर्ड चालत नाही, बरोबर कळवा.

"देख! एक दिनमा दखल!" नाना खूश. "आमना खातामा महिना लागे."

"नाना, हा तोच चोर आहे."

"चोर कधी उत्तर देस का? लिख. मुलगा सांगत नाही, समजूत घालत आहे. तसदीबद्दल क्षमस्व."

तिकडून रोज विचारणा, इकडून रोज उत्तर. शनिवारी, 'मुलगा तयारीत आहे.' रविवारी, 'मुलगा पुण्यास निघाला.' सोमवारी, 'आज मुलाखत. नवा शर्ट घातला आहे. तो आल्यावर पासवर्ड कळवतो.'

मंगळवारी भटू परतला, तो थेट दुकानात. नाना आणि नासीर पडद्याकडे बघत बसले होते. आजच्या पत्रात पासवर्डाचं नावही नव्हतं. एकच ओळ होती.

"काय विचारतोय?" भटूने विचारलं.

"मुलाखतीचं काय झालं म्हणतोय," नासीर म्हणाला.

भटूने नासीरला उठवलं, खुर्चीत बसला आणि स्वतः टाइप केलं : लागली.