निम्म्या घोडीची वाजवी किंमत

बाबजी उतेकराला कुठलीही वस्तू दिसली की तो आधी तिची किंमत सांगायचा आणि मग रामराम करायचा. महाडहून मी नवी छत्री आणली, त्या दिवशी तो दुकानात आला. छत्री उघडली, मिटली, काड्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाला, "दोन रुपयं जास्त दिलंस, शेट." मी तेव्हा वडिलांच्या मागे पोलादपुरातलं आमचं किराणा दुकान नुकतंच सांभाळायला घेतलं होतं. बाबजीने मला चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे तो मला शेटही म्हणे आणि अरे-तुरेही करी. छत्रीचा माझा आनंद तिथेच संपला.

'वाजवी' हा त्याचा लाडका शब्द. स्वस्त घेणारा त्याच्या मते लबाड आणि महाग घेणारा अडाणी. माणसाने वाजवी घ्यावं. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर सासऱ्यांनी त्याला कौतुकाने विचारलं, "कसा काय वाटला जोडा?" त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग नवरीकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पोरगी भारी हाय. पर चालतंय, वाजवीच्या आसपास हाय." बायको हे अजून चारचौघांत सांगते.

एकदा कशेडी घाटात एक ट्रक बंद पडून वाट अडली होती. माणसं ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत होती. बाबजी ट्रकभोवती एक फेरी मारून आला आणि त्या घामाघूम ड्रायव्हरला म्हणाला, "टायरं सोडून बोलू, का टायरांसकट?" त्या दिवशी त्याने मार खाल्ला नाही ही ग्रामदैवताची कृपा. पण बैल घ्यायचा असो की म्हैस, आसपासच्या वाड्यांतली माणसं त्यालाच सोबत नेत. त्याचा शब्द निघाला की घेणारा आणि देणारा दोघेही गप्प बसत, कारण त्यात त्याचा स्वतःचा एक पैसा नसे.

अशा माणसाच्या गोठ्यात स्वतःचं असं निम्मंच जनावर होतं. चंद्री नावाची एक तांबडी घोडी त्याने आणि सखाराम सकपाळाने भागीत घेतली होती. सखाराम ओढ्यापलीकडच्या वाडीतला, बाबजीचा लहानपणापासूनचा दोस्त. माझ्या दुकानातलं मीठ, गूळ, रॉकेल ही घोडी डोंगरावरच्या वाड्यांना पोचवी आणि येताना हिरडा, नाचणी घेऊन उतरे. लग्नसराईत तिच्यावर नवरदेव बसत.

घोडी कोणाकडे कधी, हे चंद्रावर ठरलेलं. अमावस्येपासून पुनवेपर्यंत बाबजीकडे, पुनवेपासून अमावस्येपर्यंत सखारामाकडे. एखाद्या पंधरवड्यात तिथीचा क्षय झाला आणि सखारामाचे दिवस कमी भरले, तर बाबजीला चैन पडत नसे. मग तो स्वतःच्या पाळीत घोडीवर लाकडं लादून सखारामाच्या अंगणात टाकून येई. सखाराम म्हणे, "अरे बाबजी, तिथी काय तू खाल्लीस?" बाबजी म्हणे, "वाजवी ते वाजवी."

घोडी पोचवायला तो जाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पलीकडच्या पडवीत बसे. परत आणायला पुन्हा तो जाई, नाहीतर सखाराम घेऊन येई आणि इकडे बसे. दोघे फारसं बोलत नसत. बाबजीची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक वरंधला दिलेली. घरात तो एकटाच रांधायचा, एकटाच जेवायचा. पण हे आमच्या कोणाच्या डोक्यात फारसं येत नसे. एवढ्या बडबड्या माणसाला कोण एकटा म्हणणार?

मग सखारामाच्या मुलाला मुंबईत गिरणीच्या जवळ खोली मिळाली आणि त्याने आईबापांना बोलावून घ्यायचं ठरवलं. सखाराम तयार झाला. भातखाचरं भावाला देऊन टाकली, गुरं विकली. राहिली ती घोडी. तो बाबजीकडे गेला आणि म्हणाला, "माझी निम्मी तू घे. वाजवी काय ते तूच बोल. मागं काय गुंतलेलं नको मला."

आम्हाला वाटलं, पानाला चुना लावेपर्यंत काम होईल. ज्याने परक्याच्या ट्रकची किंमत केली, त्याला घरच्या घोडीचं काय अवघड? पण बाबजीच्या तोंडून आकडा निघेना.

आधी तो म्हणाला, पावसाने घोडी उतरलीय, आत्ता बोललो तर सख्या बुडेल. मग हिरवा चारा खाऊन घोडी भरली, तर म्हणाला, ही सूज हाय, आत्ता बोललो तर मी बुडेन. महाडच्या बाजारातला एक जाणता घोडेवाला आणला. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, आकडा सांगितला. बाबजी म्हणाला, "त्यानं तोंड बघितलं. सोभाव कुटं बघितला?"

शेवटी सखारामाने भावाभावांच्या वाटणीतली जुनी रीत काढली. एकाने किंमत बोलायची, आणि त्या किमतीला घ्यायचं की द्यायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. म्हणजे बोलणाऱ्याला कमीही बोलता येत नाही आणि जास्तही. याहून वाजवी रीत जगात नाही. बाबजी म्हणाला, "आनि तू घ्यायचं ठरवलंस तर? मुंबैच्या खोलीत घोडी कुटं बांधशील, मोरीत?"

माणसं कुजबुजायला लागली. म्हातारा टोलवतोय, सखाराम कंटाळून गेला की सगळी घोडी फुकटात खिशात. सखारामाच्या बायकोच्याही ते कानावर गेलं. मला संताप आला. ज्याच्या एका शब्दावर पंचक्रोशी सौदे करी, त्याला म्हातारपणी चोर ठरवत होते आणि हा बाबा आपल्या हाताने त्यांच्या तोंडात शब्द घालत होता.

सखाराम दुकानात येऊन म्हणाला, "शेट, तुमी मदी पडा. रुमालाखाली करून टाकू."

गुरांच्या बाजारात ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यस्थाने हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली एकाचा हात घ्यायचा, मग दुसऱ्याचा. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडाने नाही. दोन्ही आकडे जवळपास असले की मध्यस्थाने मधला आकडा मोठ्याने बोलायचा आणि तो दोघांनी मानायचा; फारच लांब असले तर 'जुळत नाही' म्हणून सौदा सोडायचा. कोणी काय दाबलं हे मध्यस्थाने मरेपर्यंत सांगायचं नसतं. माझ्या वडिलांनी असे कितीतरी सौदे केले होते, त्यांनीच मला बोटं शिकवली.

दुपारी दोघे आले. बाबजीला नाही म्हणायला आता जागा नव्हती. मी रुमाल म्हणून खांद्यावरचं उपरणं पसरलं. सखारामाने बोटं दाबली. त्याचा आकडा मी आजही सांगणार नाही, पण तो ऐकून बाबजीनेही मान डोलावली असती इतका वाजवी होता.

मग बाबजीचा हात हातात घेतला. मी वाट पाहत राहिलो. एकही बोट दाबलं गेलं नाही. त्याने माझा सगळा पंजाच मुठीत धरला आणि तसाच घट्ट धरून ठेवला. रुमालाच्या वर त्याचा चेहरा मात्र नेहमीसारखा होता. इतका वेळ मला जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. सखारामाची निम्मी घोडी इथे आहे तोवर सखारामाचं इथे काहीतरी आहे. एकदा किंमत ठरली की मुंबईहून इकडे यायला त्याला कारण उरणार नाही. घोडी बाबजीला पुरी नकोच होती. मला त्याच्याविषयी इतकी माया वाटली की माझ्याच्याने हात सोडवेना.

"जुळत नाही," मी म्हणालो. "आकडे जुळत नाहीत."

सखाराम माझ्याकडे बघत राहिला, मग बाबजीकडे. बाबजी जमिनीकडे बघत होता. सखाराम उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे. शिमग्याला येईन तवा बगू."

तो दर शिमग्याला येऊ लागला. मोटारीतून उतरला की आधी बाबजीकडे. बाबजी त्याच्या वाट्याचं भाडं म्हणून नाचणीचं पोतं बांधून ठेवी. दिवसभर दोघे पडवीत बसत, घोडी समोर. किमतीचं बोलणं निघे आणि पुढच्या शिमग्यावर जाई.

एका श्रावणात चंद्री मेली. दुसऱ्या दिवशी बाबजी दुकानात येऊन पोत्यावर बसला. समोर नवे कंदील टांगलेले होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. म्हणाला, "सख्याचं हितं आता काय ऱ्हायलं नाय." 

पुढच्या शिमग्याला सखाराम उतरला तेव्हा मीच त्याला बातमी दिली. त्याने खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग म्हणाला, "चला शेट, माज्यासंगं चला."

आम्हाला पाहून बाबजी पडवीतून उठला. हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "सख्या, तुजी निम्मी माज्याकडं ठेव होती. ती गेली. काय भरपाई असंल ती बोल, मी देतो."

सखाराम पायरीवर बसला. "जित्या घोडीचा वाटा इकता आला असता, बाबजी," तो म्हणाला. "मेलेलीचा कोन घेनार? आता तो आपल्या दोगांतच ऱ्हानार. मला यावंच लागनार."

 बाबजीने सखारामाच्या हातातली पिशवी काढून घेतली, आत नेऊन ठेवली आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून रडला. आम्ही दोघे बाहेर बसून राहिलो.